आयत्या बिळावर विषाणू : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

विषाणू आणि पेशी यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि लांबलचक पत्रं थोडी कातरली आहेत.

प्रश्न : विषाणूला ना डोळे, ना पाय. मग त्याला हवी ती पेशी सापडते कशी? आणि एका प्राण्याचा विषाणू दुसऱ्या प्राण्याला सहसा का लागत नाही?

तो पेशी शोधत नाही, तिच्यावर आदळतो. विषाणूचा कण द्रवात रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत असतो. वाटेत येईल त्या पेशीला तो टेकतो आणि सुटतो, पुन्हा टेकतो, पुन्हा सुटतो. एखाद्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्या बाह्य प्रथिनाला नेमका बसेल असा रेणू असेल, तर तिथे तो अडकून राहतो. या रेणूला रिसेप्टर म्हणतात. ‘विषाणू अमुक अवयवावर हल्ला करतो’ ही वर्तमानपत्री भाषा आम्हाला म्हणूनच फारशी पटत नाही.

हा रिसेप्टर विषाणूसाठी बनलेला नसतो. पेशीने तो स्वतःच्या रोजच्या कामासाठी ठेवलेला असतो. यकृताच्या पेशी रक्तातले पित्तक्षार आत ओढण्यासाठी एनटीसीपी नावाचं प्रथिन वापरतात. हेपटायटिस बीचा विषाणू त्याच प्रथिनाला धरून आत शिरतो, हे २०१२ मध्ये समजलं. हे प्रथिन मुख्यतः यकृतातच असतं आणि हा आजारही यकृताचाच असतो. कोविडचा विषाणू ज्या एसीई-२ ला धरतो, ते रक्तदाबाच्या नियंत्रणातलं एन्झाइम आहे. एचआयव्ही प्रतिकारसंस्थेतल्या टी-पेशींवरच्या सीडी-४ या प्रथिनाला धरतो, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. त्याला शेजारी सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ हे दुसरं प्रथिनही लागतं. सीसीआर-५ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतः बिघडलेल्या असतील, तर अशा माणसांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. त्यांची तब्येत एरवी ठणठणीत असते.

प्राण्यांमधला फरकही बराचसा इथूनच येतो. साध्या उंदराला पोलिओ होत नाही. त्याच्यात माणसाच्या सीडी-१५५ या रिसेप्टरचं जनुक घातलं की त्याला पोलिओचा लकवा होतो. म्हणजे उंदराच्या पेशीत बाकी सगळी सोय होती, फक्त दार नव्हतं. एचआयव्हीची गोष्ट मात्र वेगळी आहे. उंदराच्या पेशीला दोन्ही मानवी रिसेप्टर दिले तर विषाणू आत शिरतो, पण पुढे त्याचं काम अडतं, कारण त्याच्या टॅट या प्रथिनाला मदतनीस म्हणून माणसाचं सायक्लिन टी-१ लागतं आणि उंदराचं त्याला चालत नाही. रेबीजची अडचण उलटी आहे. स्नायू आणि चेतातंतू जिथे जुळतात तिथला असिटिलकोलिन रिसेप्टर त्याला चालतो आणि तो सर्वच सस्तन प्राण्यांमध्ये जवळपास सारखा असतो. त्यामुळे वटवाघळापासून माणसापर्यंत त्याला कोणीही चालतं.

प्रश्न : पेशीला चिकटल्यावर विषाणू आत नेमका कसा जातो? पाठ्यपुस्तकात ‘प्रवेश करतो’ एवढंच लिहिलेलं असतं.

त्या दोन शब्दांत बरंच काही घडतं. फ्लूच्या विषाणूचं उदाहरण घेऊ.

कणाचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. त्याच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे काही शे काटे असतात. प्रत्येक काटा पेशीवरच्या सायलिक आम्ल या साखरेला धरतो. एका काट्याची पकड अगदी कमजोर असते, पण एकाच वेळी कित्येक काटे धरून बसले की कण सुटत नाही.

मग पेशीच त्याला आत घेते. पेशीपटल खोलगट होतं, त्याची पिशवी होते आणि ती तुटून आत सरकते. पोषकद्रव्यं गिळण्याची ही पेशीची नेहमीची रीत आहे. या पिशवीला एंडोसोम म्हणतात. आत सरकता सरकता पेशी तिच्यात प्रोटॉन पंप करते आणि पिशवी आंबट होत जाते, पीएच सुमारे ६ वरून ५ कडे उतरतो. पेशीच्या दृष्टीने ही पचनाची तयारी असते. विषाणू मात्र या आंबटपणाचीच वाट पाहत असतो. पीएच साडेपाचच्या खाली गेला की हिमॅग्लुटिनिनची घडी एकाएकी उलगडते, आत दडलेलं टोक बाहेर येऊन पिशवीच्या भिंतीत रुततं आणि प्रथिन पुन्हा दुमडताना दोन्ही पटलांना एकमेकांवर खेचतं. पटलं एक होतात, भोक पडतं. दरम्यान विषाणूच्या आवरणातल्या एम-२ या बारीक नळीतून प्रोटॉन कणाच्या आत शिरलेले असतात, त्यामुळे आतली बांधणीही सैल झालेली असते. मग आरएनएचे आठ तुकडे सुटे होऊन पेशीच्या केंद्रकाकडे निघतात. तिथवरची वाहतूकही पेशीचीच. केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनांवर पत्त्यासारखी एक खूण असते आणि विषाणूचं प्रथिन तीच खूण अंगावर वागवतं.

यात एक अट आहे. हिमॅग्लुटिनिनला आधी एका ठिकाणी छेद गेलेला असावा लागतो, नाहीतर ते उलगडतच नाही. हा छेद विषाणू स्वतः देऊ शकत नाही, आपल्या श्वसनमार्गातली प्रथिनं कापणारी एन्झाइम्स देतात. बिनछेदाचा कण पेशीत शिरला तरी पिशवीतच अडकतो आणि संपतो.

प्रश्न : पेशीला स्वतःचं डीएनए आहे, स्वतःचं काम आहे. मग ती विषाणूचा हुकूम का मानते?

कारण हुकूम कोणाचा हे रायबोसोम विचारत नाही. रायबोसोम म्हणजे प्रथिनं विणणारा माग. त्याच्यापुढे एमआरएनएचा, म्हणजे जनुकातल्या मजकुराच्या प्रतीचा, धागा आला आणि त्याच्या टोकाला योग्य ओळखखूण असली की तो विणायला घेतो. ही खूण म्हणजे ‘कॅप’, धाग्याच्या सुरुवातीला उलटा जोडलेला एक बदललेला ग्वानोसिन (आरएनएच्या अक्षरांपैकी एक). विषाणूकडे स्वतःचा एकही रायबोसोम नसतो, म्हणून प्रत्येक विषाणूला या खुणेवर काहीतरी तोड काढावी लागते. या तोडी पाहण्यासारख्या आहेत.

पोलिओच्या आरएनएला कॅप नसतेच. त्याऐवजी त्याच्या सुरुवातीच्या भागात वळ्या-वळ्यांची एक मोठी घडी असते. रायबोसोम टोकाशी न थांबता थेट या घडीवर येऊन बसतो. पण मग पेशीचे कॅपवाले हजारो धागे स्पर्धेत उरतातच. पोलिओचं २-ए हे प्रथिन त्यांचा बंदोबस्त करतं. कॅप आणि रायबोसोम यांना जोडणारा ईआयएफ-४-जी नावाचा दुवा ते मधोमध कापतं. दुव्याच्या उरलेल्या अर्ध्यावर विषाणूचं काम चालतं, पेशीचं चालत नाही. लागणीनंतर काही तासांत पेशीची स्वतःची प्रथिनं जवळपास बंद पडतात आणि माग एकट्या विषाणूसाठी चालू लागतात. विषाणूचा सुमारे ७,५०० अक्षरांचा आरएनए एकाच झटक्यात २,२०० च्या आसपास अमिनो आम्लांची एक लांबलचक साखळी देतो. ती साखळीच स्वतःला ठरावीक जागी कापून सुटी प्रथिनं तयार करते.

फ्लू याच्या उलट जातो. तो कॅप चोरतो. त्याच्या पॉलिमरेजचे, म्हणजे आरएनएची नक्कल करणाऱ्या यंत्राचे, तीन भाग आहेत. पीबी-२ पेशीच्या ताज्या एमआरएनएची कॅप पकडतो, पीए त्या कॅपमागची १० ते १३ अक्षरं सोडून धागा छाटतो आणि पीबी-१ त्या चोरलेल्या तुकड्याला पुढे विषाणूचा मजकूर जोडतो. रायबोसोमला खूण पटते, तो विणतो. छाटलेला पेशीचा धागा वाया जातो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. असे ताजे धागे केंद्रकात मिळतात, म्हणून फ्लूला केंद्रकात जावं लागतं. आरएनएच्या इतर बहुतेक विषाणूंना त्याची गरज पडत नाही.

कोविडचा विषाणू तिसराच मार्ग घेतो. त्याचं एनएसपी-१ हे प्रथिन रायबोसोमच्या ज्या खाचेतून धागा आत जातो त्या खाचेतच बूच बसवतं. विषाणूच्या स्वतःच्या धाग्यांच्या सुरुवातीला मात्र एक छोटी घडी असते, तिच्यामुळे त्यांना हे बूच आडवं येत नाही.

एक गोष्ट पेशीकडून मिळतच नाही : आरएनएवरून आरएनएची नक्कल करणारं यंत्र. आपल्या पेशींना त्याचं काम पडत नाही. पोलिओचा आरएनए थेट वाचता येतो, म्हणून तो हे यंत्र पेशीत पोहोचल्यावर बनवून घेतो. फ्लूचा आरएनए उलट्या अर्थाचा असतो, रायबोसोमला तो वाचता येत नाही. म्हणून फ्लूला तयार पॉलिमरेज कणात बांधूनच निघावं लागतं. नुसता फ्लूचा शुद्ध आरएनए पेशीत सोडला तर काही होत नाही, पोलिओचा सोडला तर नवे विषाणू तयार होतात.

प्रश्न : जिवाणूंवर इतकी अँटिबायोटिक्स आहेत, मग विषाणूंवर औषधं इतकी मोजकी का?

जिवाणूचा संसार वेगळा असतो. त्याची पेशीभित्तिका वेगळी, रायबोसोम वेगळे, त्यामुळे आपल्याला न दुखावता त्याला गाठता येतं. पेनिसिलिन भित्तिका जुळू देत नाही, विषाणूला भित्तिकाच नसते. विषाणू वापरतो ते रायबोसोम आपले, ऊर्जा आपली, पटलं आपली. त्यावर घाव घातला तर तो आपल्यालाच बसतो. मग विषाणूची स्वतःची जी चार-दोन हत्यारं असतात, तीच हेरावी लागतात. फ्लूवरचं बॅलॉक्सॅव्हिर वर सांगितलेल्या पीए या कात्रीत अडकतं. ऑसेल्टॅमिव्हिर शेवटच्या पायरीवर काम करतं. नवा कण बाहेर पडताना पेशीच्या सायलिक आम्लाला पुन्हा चिकटू नये म्हणून न्यूरॅमिनिडेज हे एन्झाइम ती साखर कापतं. औषधाने ते अडलं की तयार कण पेशीच्या अंगावरच चिकटून राहतात. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत हे औषध घ्यायला सांगतात त्याचं कारण साधं आहे : नंतर बहुतेक कण बाहेर पडून गेलेले असतात.

आम्हाला सगळ्यात देखणं वाटतं ते असायक्लोव्हिर. ते डीएनएच्या ग्वानोसिनसारखं दिसतं, पण त्याची साखर अर्धवट असते. त्याला तीन फॉस्फेट लागल्याशिवाय ते काम करत नाही. पहिला फॉस्फेट फक्त हर्पिसच्या विषाणूचं थायमिडिन कायनेज नीट जोडतं. पुढचे दोन आपल्या पेशीची एन्झाइम्स जोडतात. म्हणजे निरोगी पेशीत ते निष्क्रिय पडून राहतं आणि लागण झालेल्या पेशीत विषाणूच त्याला धार लावून देतो. मग ते विषाणूच्या वाढत्या डीएनएत बसतं, पुढची कडी जोडायला जागाच नसते आणि साखळी तिथेच तुटते. विषाणूचं थायमिडिन कायनेज बिघडलं की औषध लागू पडत नाही. असे विषाणू मुख्यतः प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या रुग्णांत आढळतात.

पेशीच्या वर्तनावर नेम धरणं फसू शकतं, याचा धडा २०२० मध्ये मिळाला. क्लोरोक्विन एंडोसोमचा आंबटपणा घालवतं. माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशींत त्याने कोविडचा विषाणू अडला आणि आशा पल्लवित झाल्या. पण व्हेरो पेशींत टीएमपीआरएसएस-२ हे एन्झाइम नगण्य असतं, म्हणून तिथे विषाणूला एंडोसोमचाच रस्ता धरावा लागतो. फुप्फुसाच्या पेशींत हे एन्झाइम काट्याला पृष्ठभागावरच छेद देतं, विषाणू तिथूनच आत शिरतो आणि आंबटपणाशी त्याचा संबंधच येत नाही. तिथे क्लोरोक्विनचा उपयोग झाला नाही. औषध तपासताना पेशी कोणती वापरली, हा प्रश्न बातमी वाचतानाही विचारावा.

प्रश्न : फ्लूमध्ये अंग मोडून येतं. विषाणू स्नायूंतही शिरतो का?

सहसा नाही, तो श्वसनमार्गातच असतो. अंगदुखी, ताप, गळून जाणं हे बरंचसं आपल्याच इशारा देणाऱ्या रेणूंचं काम आहे. त्यातला मुख्य इंटरफेरॉन, १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी शोधलेला. पेशीत परक्या आरएनएची खूण सापडली की ती इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. काही तर स्वतःचं प्रथिन विणणंच आवरतं घेण्याच्या तयारीत राहतात. हेपटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. फ्लूचा विषाणू शरीरात नसतानाही त्या रुग्णांना हुबेहूब फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी होई.

प्रश्न : लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. साठीत नागीण झाली. इतकी वर्षं विषाणू होता कुठे?

पाठीच्या कण्यालगतच्या चेतागंडिकांमध्ये, तिथल्या चेतापेशींच्या केंद्रकात. कांजिण्यांच्या वेळी हा हर्पिस कुळातला विषाणू त्वचेतल्या चेतातंतूंच्या टोकांत शिरतो. तिथून पेशीकेंद्र कित्येक सेंटिमीटर लांब असतं. नुसतं तरंगत जायचं म्हटलं तर हर्पिस कुळातल्या विषाणूला तंतूतलं एक सेंटिमीटर कापायला दोनशेहून अधिक वर्षं लागतील, असा हिशेब आहे. पण पेशीत आधीच मालवाहतूक चालू असते. डायनिन नावाचं प्रथिन सूक्ष्मनलिकांवरून सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर वेगाने माल केंद्राकडे ओढतं. विषाणू त्यावर बसतो आणि हाच प्रवास तासांत उरकतो.

पोहोचल्यावर त्याचं डीएनए गोल कडं होऊन पडून राहतं. जवळजवळ काहीच प्रथिनं बनवत नाही, त्यामुळे प्रतिकारसंस्थेला पकडायला काही सापडत नाही. असायक्लोव्हिरही तिथे निरुपयोगी, कारण त्याला धार लावणारं एन्झाइम त्या काळात बनतच नाही. वयाबरोबर टी-पेशींची पाळत ढिली पडली की तो जागा होऊन त्याच तंतूने त्वचेकडे येतो. नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात का येतात, ते यावरून कळेल : एका गंडिकेच्या अखत्यारीतली त्वचा तेवढीच असते. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हावं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

प्रश्न : सॅनिटायझर सगळ्या विषाणूंवर चालतो का?

नाही. ६० ते ७० टक्के अल्कोहोल मेदाचं आवरण असलेल्या विषाणूंवर उत्तम चालतं. हे आवरण विषाणूने बाहेर पडताना पेशीच्याच पटलातून नेलेलं असतं. उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसला आवरण नाही, नुसतं घट्ट प्रथिनाचं कवच आहे. तिथे साबणाने वीस सेकंद हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुणंच खरं. फरशी किंवा भांड्यासाठी ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर घालून पाच मिनिटं ठेवावं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

प्रश्न : बरं वाटून तीन आठवडे झाले तरी पीसीआर पॉझिटिव्ह. म्हणजे मी अजून आजार पसरवतो आहे का?

बहुधा नाही. कोविडच्या आरएनएत सुमारे ३०,००० अक्षरं असतात आणि पीसीआर त्यातला शंभरएक अक्षरांचा तुकडा शोधतो. मेलेल्या पेशींतले अवशेषही तो पकडतो. सीटी व्हॅल्यू (तुकडा दिसेपर्यंत नकलेची किती चक्रं लागली तो आकडा) पाहिली असेल तर लक्षात ठेवा, दहा चक्रांचा फरक म्हणजे साधारण हजारपट फरक. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न : आम्ही बी.एस्सी.चे विद्यार्थी. ई. कोलाय या जिवाणूवर लॅम्डा फाज (जिवाणूंना लागणारा विषाणू) घेऊन प्लाक-चाचणी केली, म्हणजे फाजने जिवाणूंच्या थरात पाडलेले स्वच्छ ठिपके (प्लाक) पाहिले. गेल्या वेळी सुंदर प्लाक आले, या वेळी प्लेट कोरी. फाजचा साठा तोच होता. जिवाणू या वेळी ग्लुकोज घातलेल्या माध्यमात रात्रभर वाढवले होते.

आधी ‘कोरी’ म्हणजे काय ते पाहा. शेजारी फक्त जिवाणूंची, फाज न घातलेली प्लेट ठेवा. तुमच्या प्लेटवर तिच्यासारखाच दुधी थर असेल तर लागण झालीच नाही. थरच नसून आगर स्वच्छ पारदर्शक असेल तर फाज इतका जास्त झाला की सगळा थर फुटला. ही चूक नेहमी होते, आणि वहीत दोन्हीची नोंद ‘प्लाक नाहीत’ अशी होते.

थर दुधी असेल तर दोष ग्लुकोजचा. लॅम्डा ज्या लॅम-बी या प्रथिनाला धरतो, ते जिवाणूने माल्टोज आत घेण्यासाठी ठेवलेलं दार आहे. समोर ग्लुकोज असलं की जिवाणू माल्टोजची यंत्रणा गुंडाळून ठेवतो, दारं जवळपास नाहीशी होतात आणि फाज नुसता तरंगत राहतो.

पुढच्या वेळी ग्लुकोज नसलेल्या ट्रिप्टोन माध्यमात ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घाला. ६०० नॅनोमीटरवरची ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ च्या आसपास असताना जिवाणू उचला, रात्रभराचे शिळे नकोत. सेंट्रिफ्यूज करून १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये पुन्हा मिसळा. फाजची दहा-दहा पटींनी विरळणी करा, तीसुद्धा मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्येच. मॅग्नेशियम नसेल तर लॅम्डाचं कवच आतल्या दाबून भरलेल्या डीएनएला सांभाळू शकत नाही. मॅग्नेशियम बांधून ठेवणारं ईडीटीए असलेला बफर तर त्याचा काळच. ०.१ मिलिलिटर विरळणी आणि ०.२ मिलिलिटर जिवाणू एकत्र करून ३७ अंशांवर वीस मिनिटं ठेवा. मग ०.७ टक्क्यांचं मऊ आगर ३ मिलिलिटर, ४५ ते ४७ अंशांवर आलेलं, त्यात घालून लगेच प्लेटवर ओता. आगर ५० च्या वर असेल तर जिवाणू मरतात, ४२ च्या खाली गेलं तर गुठळ्या होतात. प्लेट आधी कोरडी केलेली हवी, ओलसर प्लेटवर प्लाक एकमेकांत वाहतात. आगर दहा मिनिटं घट्ट होऊ द्या, प्लेट उलटी करून रात्रभर ३७ अंशांवर ठेवा.

प्लाकचा मध्यभाग धूसर दिसला तर घाबरू नका. तिथे काही जिवाणूंत लॅम्डा डीएनएत सामावून झोपून राहिला आहे आणि ते जिवाणू पुन्हा लागण होण्यापासून सुरक्षित होऊन वाढले आहेत. ३० ते ३०० प्लाक असलेलीच प्लेट मोजा. दहा लाख पट विरळणीच्या ०.१ मिलिलिटरमध्ये ५२ प्लाक आले, तर मूळ साठ्यात मिलिलिटरला ५२ कोटी पीएफयू (प्लाक पाडणारे कण). हा आकडा लागण करू शकलेल्या कणांचा आहे. वाया गेलेले कण यात धरलेले नाहीत.